विचारा, मग लिहितो

झाशीत घराचे कागद करणारे वकील पुष्कळ होते. कचेरीबाहेरच्या कडुलिंबांखाली त्यांची टेबलं ओळीनं मांडलेली असत आणि गिऱ्हाईक दिसलं की चारी बाजूंनी हात पुढे येत. गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी परत पाठवणारे वकील मात्र एकच होते, आणि आमच्या बाबांनी नेमके तेच शोधून काढले.

परत पाठवत म्हणजे रागावून नव्हे. ते समोर बसवत, माठातलं पाणी देत, गळ्यात काळ्या दोरीला लोंबणारा चष्मा नाकावर चढवत आणि म्हणत, "पूछो." समोरचा बावरून जाई. "साहब, बैनामा कराना है." बैनामा म्हणजे खरेदीखत, आमच्याकडे मराठी घरांतही हाच शब्द चाले. "करेंगे. पूछो." "हम क्या पूछें साहब, आप तो सब जानते हैं." झालं. चष्मा खाली. "मकान तुम ले रहे हो भैया, कि मैं? जाओ, सवाल लेके आओ."

त्यामुळे त्यांच्या जिन्याखालच्या बाकावर नेहमी परीक्षेच्या वर्गाबाहेर असते तशी कुजबूज चाललेली असे. इंजिन ड्रायव्हर, शाळामास्तर, बबीन्याच्या छावणीतले सुभेदार, सगळे एकमेकांकडे प्रश्न मागत बसलेले. "भैया, एकाध सवाल हो तो हमें भी बता दो." नेहमीचे प्रश्न तिथे हातोहात फिरत. मूळ कागद कुणाच्या ताब्यात आहेत, घरावर आधीचं कर्ज आहे का, नगरपालिकेची पट्टी भरलेली आहे का, दप्तरात आपलं नाव कधी चढणार. पण वर गेल्यावर उसना प्रश्न त्यांना लगेच ओळखू येई. "ये सवाल तुम्हारा नहीं. ये नीचेवाले सूबेदार का है. तुम्हें किस बात की फ़िक्र है, वो पूछो." एका फायरमननं शेवटी भीत भीत विचारलं, "साहब, पड़ोसी की भैंस हमारी दीवार से बँधती है. बैनामे के बाद कहाँ बँधेगी?" वकीलसाहेब इतके खूश झाले की स्वतः जिना उतरून बाकावरच्या सगळ्यांना त्यांनी तो प्रश्न ऐकवला. त्या म्हशीचा खुंटा पुढे रीतसर खरेदीखतात गेला.

ते होते आमच्यासारखेच, कधीकाळी दक्षिणेतून येऊन इथे राहिलेल्या घराण्यातले. लग्न केलं नव्हतं. राहणं आणि वकिली दोन्ही भाड्याच्या माडीवर. कोट एके काळी काळा असावा. मी पाहिला तेव्हा तो चहाच्या रंगावर आला होता. जगात त्यांचं वैर एकाच गोष्टीशी होतं, ती म्हणजे 'वगैरह' हा शब्द. खरेदीखतात तो दिसला की ते कागद बाजूला सारत. "या वगैरहमध्ये माणसं गाडली जातात हो," असं म्हणत. बोलतानाही हा शब्द त्यांनी स्वतःला बंद केला होता. भाजीवाल्याकडून काय काय आणलं असं विचारावं, तर मेथीपासून आल्याच्या तुकड्यापर्यंत सगळी नावं ऐकावी लागत.

आणि दुसरी खोड म्हणजे चूल पाहणं. घर बघायला ते भल्या सकाळी जात किंवा संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी. आधी समोरच्या कुणाच्या तरी छपरावर चढत आणि धूर कुठून कुठून निघतो ते बघत उभे राहत. मग घरात जात, दारात चपला काढून, घर रिकामं असलं तरी. ते म्हणत, "कागदावर एक नाव असतं. पण एका घरात दोन चुली असल्या, तर दोन मालक असतात. दुसऱ्याला कुणी विचारलंय का, ते बघायचं." ज्या बाईला त्या घरात स्वयंपाक करायचा आहे ती हजर असल्याशिवाय ते घर बघायला जात नसत आणि खरेदीखतही लिहीत नसत. यावरून काही नवऱ्यांनी वकील बदलल्याचं मला माहीत आहे.

बाबा रेल्वेत गार्ड होते. आयुष्य ब्रेकच्या डब्यात आणि रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. निवृत्ती जवळ आली आणि क्वार्टर सोडायचं तर जायचं कुठे, हा प्रश्न घरात पाय पसरून बसला. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. बाबांचा फंड, वर माझ्या नोकरीवर सोसायटीचं कर्ज, अशी जुळवाजुळव करून प्रेम नगरमधलं एक घर ठरलं. पुढे दोन खोल्या, मधे अंगण, मागे एक खोली. विकणारा गृहस्थ सगळ्यांचा भैयाजी. बोलायला गोड, आणि घाईत. बबीन्याचा एक व्यापारी म्हणे रोख घेऊन तयार बसला होता. बाबांनी बयाना देऊन टाकला आणि मग आम्ही वकीलसाहेबांकडे गेलो.

"विचारा," वकीलसाहेब म्हणाले.

बाबांनी बाकावर मिळवलेले प्रश्न धडाधड विचारले. वकीलसाहेबांनी धडाधड उत्तरं दिली. मग ते आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही?"

आई असल्या जागी तोंड उघडणाऱ्यातली नव्हती. पण तिच्या मनात एक गोष्ट आठवडाभर डाचत होती, ती मला ठाऊक होती. तिच्या माहेरी गहाण हा शब्द फक्त दागिन्यांसाठी वापरत, आणि गहाण गेलेला दागिना परत आलेला तिनं पाहिला नव्हता. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "सोसायटीकडे घर गहाण टाकायचं म्हणतात. मग ते घर आपलं, का त्यांचं? गहाण पडलेल्या घरात देव मांडायचे कसे?"

बाबा ओशाळले. वकीलसाहेबांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "असं बघा वहिनी. दागिना गहाण टाकला की तो सावकाराच्या पेटीत जातो. घर कुठे जातंय? तुम्ही त्यात राहायचं, रांधायचं, देव मांडायचे, भिंतीला खिळा ठोकायचा. सोसायटीकडे राहतो तो मूळ कागद. हप्ते फिटले की कागद परत. हप्ते थकवलेत तर मात्र ते कचेरीत जातील आणि घर विकायला काढतील. ते मी लपवणार नाही." आई म्हणाली, "हप्ते हिच्या पगारातून जायचेत. मग देव मांडते." माझ्या पगारावर एवढा विश्वास आजवर कुणी दाखवला नव्हता.

घर बघायला आम्ही सगळे गेलो, अर्थात संध्याकाळी. वकीलसाहेब समोरच्या छपरावर चढले. धूर एकाच ठिकाणाहून निघत होता, पुढच्या स्वयंपाकघरातून. भैयाजी खालून म्हणाला, "देख लीजिए, सब साफ़ है." मग मागची खोली. तिथे एक चूल होती, गार. "पुरानी है, हम तो यहाँ लकड़ी रखते हैं," भैयाजी म्हणाला. वकीलसाहेब चुलीपुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ बसून राहिले. आई त्यांच्या मागे उभी होती. मला वाटलं, वकीलसाहेबांच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात.

खरेदीखताचा दिवस उजाडला. कडुलिंबाखाली टेबल, स्टँपचे कागद, भैयाजी नवा सदरा घालून. वकीलसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि शेवटचं म्हणून म्हणाले, "विचारा."

"आता काय राहिलंय, वकीलसाहेब? लिहा," बाबा म्हणाले. मीही मान हलवली.

"वहिनी?"

आईनं एकदा बाबांकडे पाहिलं. बाबांच्या डोळ्यांत सरळ सरळ विनवणी होती. आई म्हणाली, "त्या मागच्या खोलीतली चूल कुणाची?"

"बताया तो था माताजी, बंद पड़ी है," भैयाजी म्हणाला.

"बंद चूल्हे को कोई पोतता नहीं, भैयाजी," आई तिच्या मराठी हिंदीत म्हणाली. पोतणं म्हणजे सारवणं. "उस चूल्हे पर पोता ताज़ा था. उँगलियाँ दिख रही थीं. जो औरत चूल्हा पोत के जाती है, वो लौटने के लिए जाती है. कौन है वो?"

वकीलसाहेबांनी टोपण पेनावर परत बसवलं. त्या दिवशी खरेदीखत झालं नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घर भैयाजीच्या वडलांचं. मुलगे दोघे. थोरला वारला, त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची विधवा मागच्या खोलीत राहत होती, वेगळी चूल मांडून. मोहल्ला तिला बऊ म्हणे. छत दुरुस्त करायचं आहे, तोवर माहेरी राहून या, असं सांगून भैयाजीनं तिला चिरगाँवला पोचवलं होतं. अर्धं घर तिचं होतं आणि तिला पत्ता नव्हता. भैयाजी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की तो तिला काहीतरी देणारच होता. काय, असं वकीलसाहेबांनी विचारल्यावर त्याला सांगता येईना.

बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. क्वार्टर सोडायची तारीख डोक्यावर, बयाना अडकलेला, बबीन्याचा व्यापारी खरा का खोटा देव जाणे. मला वकीलसाहेबांचा असा संताप आला की मी एकटीच त्यांची माडी चढून गेले. "तुम्हाला चूल पाहिली तेव्हाच कळलं होतं. मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं, तर वकील मोडता घालतो म्हणून तुम्ही शेजारच्या टेबलावर गेला असतात," ते शांतपणे म्हणाले. "आता वहिनींनीच विचारलंय. आता कुठे जाल?"

"आणि आईनं विचारलं नसतं तर? लिहिलं असतंत खरेदीखत?"

त्यांनी भिंतीवरच्या खुंटीकडे बोट केलं. तिथे काळ्या दोरीसकट चष्मा लटकत होता. मला आठवलं, कचेरीत त्यांच्या गळ्यात दोरी नव्हती. "चष्म्याशिवाय मला अक्षर दिसत नाही," ते म्हणाले. "विसरलो म्हणून सगळ्यांना परत पाठवलं असतं. पुढच्या खेपेलाही विसरलो असतो. वहिनी विचारीपर्यंत विसरायची माझी तयारी होती." माझा राग तिथेच विरघळला. मी त्यांच्या माठातलं पाणी पिऊन घरी आले.

चिरगाँवला आम्ही बाबांच्याच लाइनीवरच्या पॅसेंजरनं गेलो. मी, आई आणि वकीलसाहेब. बाबांना धीर झाला नाही. बऊ भावाच्या ओट्यावर हरभरा निवडत बसली होती. काटक, काळीसावळी, डोळे तल्लख. वकीलसाहेबांनी तिला सगळं सांगितलं, काहीही न गाळता. आणि मग, ज्यांची फी आम्ही देणार होतो ते आमचे वकील, तिला म्हणाले, "बऊ, आधा मकान तुम्हारा है. तुम ना कर दो तो बिक्री नहीं होगी. इन लोगों को क्वार्टर छोड़ना है, ये मुश्किल में आएँगे. पर वो मुश्किल इनकी है, तुम्हारी नहीं."

आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. आता सामान बांधून कुणाच्या तरी ओसरीवर पडायचं.

"पूछो बऊ," वकीलसाहेब म्हणाले.

आणि बऊनं जे विचारायला सुरुवात केली, ते हरभरा निवडून संपला तरी थांबेना. तिच्या वाट्याचा पैसा कुणाच्या हातात पडणार? दिराच्या हातून येणार असेल तर नको. पोस्टात तिच्या नावानं ठेवता येईल का? मागच्या खोलीत राहिली आणि आजारी पडली, तर तिला बाहेर काढतील का? वकीलसाहेबांचा चेहरा फुलत चालला होता. शेवटी तिनं हात झटकले. "और हमाए चूल्हे कौ का हुइए?" माझ्या चुलीचं काय होणार?

वकीलसाहेबांनी आईकडे पाहिलं. आई पुढे झाली. "चूल्हा वहीं रहेगा. खोली भी. जब तक आप हैं."

बऊनं आईला नीट पाहून घेतलं. "तुमाए इतै चूल्हो को पोतत?" तुमच्याकडे चूल कोण पोतते?

"मैं ही."

"सो ठीक है, बिन्नू," बऊ आईला बहिणीच्या नात्यानं म्हणाली आणि आत जाऊन तिनं आमच्यासाठी चहा टाकला. परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून रडली. वकीलसाहेबांनी पिशवीतून काढलेले पेरू मुकाट्यानं तिच्या शेजारी ठेवले.

खरेदीखत झालं. विकणारे दोघे, भैयाजी सहीनं, बऊ अंगठ्यानं. तिच्या वाट्याचा पैसा पोस्टात, तिच्याच नावानं. मागची खोली आणि चूल बऊची हयात असेपर्यंत तिची, हे त्यात स्पष्ट लिहिलं, कुठेही वगैरह नाही. वकीलसाहेबांनी ते त्या घराच्या अंगणात बऊला मोठ्यानं वाचून दाखवलं, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला गल्ली, दक्षिणेला विहीर, आरती म्हणावी तशा चालीत. त्या दिवशी चष्मा नाकावर होता. गहाणखताच्या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरीनं बऊच्या कलमावर नाक मुरडलं. वकीलसाहेब त्याला म्हणाले, "हप्ते देते रहे तो मकान इनका और बऊ इनकी. न दिए तो मकान तुम्हारा, और बऊ भी तुम्हारी. पूछो, और कुछ?" सेक्रेटरीनं बऊकडे पाहिलं आणि सही केली.

क्वार्टरची किल्ली बाबांनी वेळेवर परत केली. नव्या घरात आईनं देव मांडले. पहिल्या सकाळी पुढून आमचा आणि मागून बऊचा, असा दोन ठिकाणी धूर निघाला. आई आणि बऊ रोज भांडत. धूर कुणाचा कुणाच्या खोलीत शिरतो यावर, मिरच्या कुठे वाळत घालायच्या यावर. एकीला ताप आला की दुसरी दोन्ही चुली पोतत असे. सोसायटीचा कागद परत आला तेव्हा आईनं तो देवापुढे ठेवला आणि पहिला पेढा मागच्या खोलीत नेऊन दिला.

वकीलसाहेब अधूनमधून येत. अंगणात बसत, बऊकडचा चहा पीत, आईकडचे पोहे खात. एकदा आले ते पोह्यांना हातच लावीनात. माडीच्या मालकाच्या मुलांना जागा हवी होती. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक लहानसं घर विकाऊ होतं. "वहिनी, बघायला याल का?" ते म्हणाले. "माझं घर म्हटल्यावर मला काही विचारायला सुचेना. बऊलाही आणा."

दोघी गेल्या, संध्याकाळी. बऊ समोरच्या छपरावर चढली, खरंच चढली. आईनं घरमालकाला इतकं विचारलं की त्यानं मधेच बसायला वेताचा मोढा मागितला. एक चूल, एक मालक, कुणी माहेरी पाठवलेलं नाही, अशी खात्री करूनच त्या परतल्या.

खरेदीखत लिहायला दुसरे वकील होते, तरुण. मीही गेले होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तेव्हा आई एकदम म्हणाली, "थांबा." आणि आमच्या वकीलसाहेबांकडे वळून म्हणाली, "विचारा."

ते दचकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उभा जन्म त्यांनी लोकांकडून प्रश्न काढले होते. मग खाली बघत, मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, "वहिनी, एकट्या माणसानं या वयात घर घेऊ नये का हो?"

आईनं जरासुद्धा वेळ घेतला नाही. "घराला चूल पेटवणारं माणूस लागतं. एक असलं तरी पुरे," ती म्हणाली आणि त्या तरुण वकिलाला म्हणाली, "लिहा."

ते राहायला गेले त्या सकाळी बऊनं आधी जाऊन त्यांची चूल पोतली होती. आम्ही आमच्या छपरावर उभ्या होतो. बराच वेळ काही दिसेना. ओली लाकडं घेतली असतील, असं बऊ करवादली. मग दोन गल्ल्यांपलीकडून धूर निघाला, आधी काळा, मग पांढरा, आणि सरळ वर गेला. आई म्हणाली, "बऊ, चला खाली. ते पोह्यांना येतील."